हालश्टाट: मिठाच्या डोंगरातलं गाव

ट्रेन निघून गेली आणि समोर नुसतं तळं. स्टेशन या काठाला, गाव त्या काठाला, मधे छोटी बोट. ऑस्ट्रियातल्या आल्प्सचा हा भाग म्हणजे साल्झकामरगुट, यातलं साल्झ म्हणजे मीठ. डोंगर सरळ पाण्यात उतरलाय, 1890 पर्यंत गावाला धड रस्ता नव्हता, शेताला सपाट तुकडा नाही, बोटीतून बघताना सारखं वाटत होतं की इथे माणूस राहायला आलाच कशाला?

मिठासाठी! साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटून मिठाचे थर साचले, वर चुनखडी चढली आणि आल्प्स उचलले गेले तेव्हा सगळंच वर आलं. आपण उपासाला वापरतो त्या सैंधवासारखंच हे खाणीतलं मीठ.

खाणीत जाताना अंगावर जाड कपडे चढवायला देतात, आत बारा महिने 8 डिग्रीच्या आसपास. लाकडी घसरगुंडीवरून खाली गेलो, मजा आली, पण माझा पाय अडला तो जुन्या जिन्यापाशी. इ.स.पू. 14व्या शतकातला लाकडी जिना, 2003 मध्ये सापडला, मिठामुळे कुजलाच नाही. कामगारांच्या चामड्याच्या पाठपिशव्यासुद्धा तशाच टिकल्यात, एका खांद्यावर घ्यायच्या, काठीने तोल सांभाळायचा आणि वर आलं की खांद्यावरूनच कलंडून रिकाम्या करायच्या. कुणाच्या तरी रोजच्या कामाची वस्तू इतक्या जवळून बघताना खरंच गलबलून आलं. 1734 मध्ये तर मिठात दबलेला अख्खा माणूसच सापडला होता.

पुढे मीठ फोडण्याऐवजी डोंगरात पाणी सोडून ते विरघळवायला लागले, मग ते खारं पाणी उकळायला लाकूड हवं, आजूबाजूचं जंगल पुरेना, म्हणून 1607 पर्यंत 13,000 पोकळ ओंडके जोडून जिथे लाकूड होतं त्या एबेनझे गावापर्यंत 40 किमीची पाइपलाइन टाकली. सगळा उतार डोंगराच्या कडेकडेने साधलाय! त्या वाटेवरून थोडं चाललो, खाली तळं, वर डाखश्टाइन डोंगराची बाजू, आणि मनात सारखी ती पाठपिशवी.

संध्याकाळी चर्चमागच्या अस्थिगृहात गेलो. दफनभूमीला जागाच कमी, म्हणून काही वर्षांनी हाडं बाहेर काढायचे, कवट्या उन्हात वाळवून त्यांवर नाव लिहायचे, पानंफुलं रंगवायचे. अशा 600 च्या वर रंगवलेल्या कवट्या ओळीने मांडल्यात. मी बराच वेळ नावंच वाचत उभा होतो, शेवटची बोट पकडायला धावत जावं लागलं.