चेकवर सही केली नाही

रविवार, रात्री साडेअकरा

आज चेकवर नाव, तारीख, रक्कम सगळं लिहून झालं होतं. फक्त सही राहिली होती. झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

नऱ्ह्याच्या त्या साईटवर फ्लॅट बघायला जायची ही तिसरी खेप. एजंट सकाळी नऊलाच गाडी घेऊन कर्वेनगरला आमच्या दारात. "ताई, आज आईंनाही घ्या बरोबर." गेले पंधरा दिवस त्याचे रोज चार-पाच फोन येताहेत. मीटिंगमध्ये असले तरी, ताटावर बसले तरी. पहिल्याच फोनवर मी त्याला नको तेवढं सांगून बसले होते. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, दर अकरा महिन्यांनी नवा करार, सहा वर्षांत तीन घरं बदलली. ते त्याने बरोबर लक्षात ठेवलं.

सॅम्पल फ्लॅट सुंदरच होता. तिथून थेट मॅनेजरच्या टेबलाशी. हा रेट फक्त पाडव्यापर्यंत. त्या मजल्यावर दोनच फ्लॅट उरलेत, दुपारी दुसरी पार्टी येतेय. आत्ता एक लाख टोकन द्या, पंधरा दिवसांत वीस टक्के भरा, ॲग्रीमेंट मग सावकाश करू. मी म्हटलं, दोन दिवस द्या, विचार करून सांगते. तर एजंट माझ्याशी बोलायचं सोडून आईकडे वळला. "आई, या वयात अजून किती वेळा सामान बांधणार?"

आई काही बोलली नाही. उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, तिला रडू आलं. बाबांना स्वतःचं घर घेता आलं नाही, ही तिची जुनी सल. मी पर्समधून चेकबुक काढलं.

पाच-सात मिनिटांनी आई परत आली. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर जाऊन वॉचमनशी बोलून आली होती. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पाणी टँकरचं आहे गं. रोज चार लागतात. उन्हाळ्यात सहा." घेऊ नकोस असं ती म्हणाली नाही. एवढंच सांगून खुर्चीवर बसली. मी पेनाचं टोपण लावलं.

मग त्याचा आवाज बदलला. "ताई, पुण्यात टँकर कुठे नाही? मॅनेजरपुढे माझी काय इज्जत राहिली?" येताना नवले पुलापाशी उतरवलं, पुढे काम आहे म्हणाला. आम्ही रिक्षाने घरी आलो.

संध्याकाळी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाईटवर त्या प्रकल्पाची नोंद उघडली. हे तिसऱ्या खेपेनंतर नाही, पहिल्या खेपेआधी करायला हवं होतं. तो "साडेसातशेचा फ्लॅट" म्हणत होता, नोंदीत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, 50.17 चौरस मीटर आहे, म्हणजे 540 चौरस फूट. ताबा पुढच्या दिवाळीत म्हणाला होता, नोंदीतली तारीख त्याच्या दोन वर्षं पुढची. आणि ते वीस टक्के! 2016 च्या रेरा कायद्यात स्पष्ट आहे की विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मी त्याला फोनवर हे विचारलं, तर म्हणाला, "ताई, सगळे देतात."

मग कागद घेऊन हिशोब मांडला. किंमत 58 लाख. बांधकाम चालू असलेलं घर, म्हणून 5 टक्के जीएसटी, 2,90,000. स्टॅम्प ड्युटी 3,48,000. नोंदणी 30,000. वरचे 6,68,000 झाले. हे तो "किरकोळ" म्हणत होता. बँक कर्ज देणार जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे पदरचे 11,60,000, त्यात हे वरचे मिळवून 18,28,000. माझ्याकडे एफडी आणि पीएफ धरून 14 लाख आहेत. उरलेल्या सव्वाचार लाखांसाठी मी आईच्या पाटल्या मोडल्या असत्या. तिने दिल्याही असत्या.

सगळंच खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, सातऐवजी सहा पडते, हे त्यानेच सांगितलं आणि ते खरं आहे. कमिशनवर त्याचंही घर चालतं, त्याने आग्रह करावा, फोन करावेत. पण सामान बांधण्यावरून आईला जे बोलला, ते मी विसरणार नाही. आमचं दुःख मी त्याला विश्वासाने सांगितलं होतं.

दहा वाजता त्याचा मेसेज आला, मॅनेजरशी बोलून पन्नास हजार कमी करून देतो, फक्त आज रात्रीच कळवा. मी उत्तर लिहिलं, "आम्हाला हे घर घ्यायचं नाही. कृपया फोन करू नका." पाठवताना छातीत धडधडत होतं. लहानपणापासून कुणाला असं सरळ नाही म्हणायची सवयच नाही मला.

ऑफिसातल्या एका ताईंनी वारज्यातला एक जुना फ्लॅट सुचवलाय. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायची अधिकृत परवानगी, आहे आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, बघायला द्यायला मालक तयार आहेत. मी आईला म्हटलं, शनिवारी दुपारी जाऊन येऊ.

"दुपारी नको," आई म्हणाली. "सकाळी सहाला जाऊ. नळ सोडून बघता येईल."