तडकलेल्या द्राक्षांचा शिरका

मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि दिंडोरीजवळच्या मामांच्या बागेत थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणी तडकले. निर्यातीचं तर सोडाच, व्यापारी तो माल लोकल बाजारासाठीही उचलेना. वर्षभर लेकरासारखी जपलेली द्राक्षं बांधावर ओतताना मामांकडे बघवत नव्हतं. मी चार किलो घड पंचवटीला घरी आणले, शिरका, म्हणजे व्हिनेगर, करून बघायला. मामा एवढंच म्हणाले, "ने गं, पण सडका मणी एकही टाकू नको."

निवडण्यातच अख्खी संध्याकाळ गेली. नुसता तडकलेला मणी ताजा असेल तर चालतो. काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा टाकूनच द्यायचा. हाताशी तीन किलो उरले. फवारणीमुळे मी ते नीट धुतले. सालीवरचं नैसर्गिक यीस्ट त्यात थोडंफार जाणारच, म्हणून हाताने कुस्करल्यावर दोन चिमटी ब्रेडचं कोरडं यीस्ट घातलं. दोन चिनी मातीच्या बरण्या निम्म्याहून थोड्या जास्त भरल्या आणि तोंडाला मलमल बांधली. धातूचं भांडं मुद्दाम टाळलं, आंबट रस त्याला खातो.

दुसऱ्याच दिवशी फसफस सुरू झाली. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि निघणारा वायू साली वर ढकलतो. त्या वर कोरड्या राहिल्या की बुरशी धरते, म्हणून सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने खाली दाबायच्या. ओट्यावरच्या बरणीचं मी हे नेमाने केलं. फडताळातली मात्र तीन दिवस राहून गेली, आणि उघडली तर वर हिरवी लव. वरची काढून खालचं वापरायचा मोह झाला होता, पण सगळी ओतून दिली. मामांची द्राक्षं दुसऱ्यांदा वाया गेली, याचं फार वाईट वाटलं.

आठवडाभरात फसफस थांबली. रस गाळून बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि तीन आठवडे वाट पाहिली. आंबटपणाचं नाव नाही, वास फक्त दारूचा. चूक माझी होती. अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि मी तोच बंद केला होता.

शिवाय रस त्यांच्यासाठी कडकही होता. बागाईतदार तोडणीआधी ज्या रिफ्रॅक्टोमीटरने गोडी बघतात, त्यावर मामांनी ही द्राक्षं 18 ब्रिक्स मोजली होती, म्हणजे रसात साधारण 18 टक्के साखर. ती सगळी आंबली की अल्कोहोल साधारण 10 टक्के. रसाच्या निम्मं उकळून गार केलेलं पाणी घालून ते सहा-सात टक्क्यांवर आणलं. पाव भाग ॲपल सायडर व्हिनेगर घातलं, तेही 'विथ मदर' लिहिलेलंच, म्हणजे जिवाणूंची साय असलेलं, कारण पाश्चराइज केलेल्यात जिवाणू जिवंत नसतात. रुंद तोंडाची काचेची बरणी अर्धीच भरली आणि कापड दुहेरी बांधलं, नाहीतर चिलटं आत जातात.

दहा-बारा दिवसांनी जेलीसारखी पातळ साय धरली. हीच ती मदर. मध्ये काही दिवस नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला आणि मी घाबरले, पण तो आपोआप गेला. पुढे दर आठवड्याला चमचाभर चाखत राहिले. सातव्या आठवड्यात टाळूला झिणझिण्या आणणारा आंबटपणा आला, मागे द्राक्षाची हलकी गोडसर चव.

आता मात्र बाटल्या गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद केल्या. अल्कोहोल संपलं तरी हवा मिळत राहिली, तर तेच जिवाणू ॲसिडही खाऊ लागतात आणि शिरका फिका पडतो. आंबटपणा किती टक्के हे मोजलेलं नाही, म्हणून टिकाऊ लोणच्यात तो घालत नाही. कांद्यावर, कोशिंबिरीत घेतो.

एक बाटली मामांना दिली. त्यांनी झाकण काढून वास घेतला, चिरलेल्या कांद्यावर थोडा ओतला, भाकरीसोबत खाल्ला आणि मामींना म्हणाले, "पुढच्या वेळी दोन बरण्या धुऊन ठेव."