चष्मा मागायला आलेला ड्रायव्हर

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा आमच्या उपजिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग साखर कारखान्यावर कॅम्प लावतो. गाळप जोरात चालू असतं. काट्यापासून पार हमरस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रकची रांग लागलेली असते. नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोक ट्रॉलीखाली चादर टाकून झोपतात, तीन दगडांच्या चुलीवर काहीतरी शिजवतात. परिवहन विभागाची माणसं ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर चिकटवत फिरतात आणि आम्ही शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात अक्षरांचा तक्ता टांगून नजर तपासतो. मला हा कॅम्प मनापासून आवडतो. रुग्णालयाची पायरी कधीच न चढणारी माणसं इथे भेटतात. तिशी-चाळिशीतले, धडधाकट, दुखणं अंगावर काढणारे पुरुष.

त्या दिवशी दुपारी असाच एक जण आला. वय अडतीस, दंड भरलेले, तोंडात तंबाखूचा बार. स्वतःचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्ज, आणि ऊसतोडीच्या टोळीला दिलेली उचल अंगावर. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, नंबर काढून द्या लवकर. रातच्याला समोरच्या गाडीचा फोकस पडला की सगळं धूसर होतंय. दिवसा बी आता पाट्या वाचायला येईनात."

उजव्या डोळ्याची नजर ६/१८, डाव्याची ६/२४. निरोगी डोळ्याची ६/६ असते; खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी. आमचे नेत्रचिकित्सा अधिकारी फार बारकाईने काम करतात. त्यांनी त्याच्या डोळ्यासमोर पिनहोल धरलं. दोष फक्त चष्म्याच्या नंबराचा असेल, तर त्या बारीक छिद्रातून बघितल्यावर खालच्या एक-दोन ओळी वाचता येतात. याची एकही ओळ वाढली नाही. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे कागद सरकवला. मोतीबिंदू नव्हता, बुबुळ स्वच्छ होतं. म्हणजे गडबड मागे, पडद्यावर होती.

पडदा नीट बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. ते घातले की काही तास जवळचं दिसत नाही, उजेडाने डोळे दिपतात आणि गाडी चालवता येत नाही. त्याचा नंबर तासाभरात लागणार होता, त्यामुळे थेंबांना त्याने साफ नकार दिला. मग त्याला आतल्या रेकॉर्डच्या खोलीत नेलं, खिडक्या लावून घेतल्या आणि थेंब न घालताच ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, लावला.

कातडीला हात न लावता रक्तवाहिन्या थेट बघता येतात अशी शरीरातली जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. मी रोज बघते, तरी दर वेळी मला त्याचं अप्रूप वाटतं. या माणसाच्या पडद्यावर मात्र सगळीकडे नासधूस होती. दृष्टीची मुख्य नस जिथून आत शिरते त्या चकतीच्या कडा सुजून पुसट झालेल्या. रोहिण्या, म्हणजे धमन्या, जागोजागी आकसलेल्या. ज्वालेच्या आकाराचे लालभडक रक्तस्राव, रक्तपुरवठा तुटल्याने उमटलेले पांढरे मऊ डाग, आणि नजरेच्या केंद्राभोवती चांदणीच्या आकारात साचलेले पिवळे कण. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

दोन्ही डोळ्यांची नस सुजलेली दिसली की मेंदूत गाठ किंवा पाण्याचा दाब हेही मनात येतं. पण बाकीची सगळी चिन्हं एकत्र दिसल्यावर मी पहिल्यांदा बीपीचं यंत्र मागवलं.

बीपी मोजण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फार घाईत मोजतात. माणूस जिना चढून आलेला, बोलत असलेला, शर्टाची बाही वर खेचून दंडाला करकचलेली, आणि तशातच पट्टा बांधून आकडा लिहून मोकळे. खरं तर पाठीला टेकू देऊन, पाय जमिनीवर ठेवून माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला हवा. लघवी तुंबलेली नको, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको. भरलेल्या दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा उगाच वाढीव येतो. आमच्या सिस्टरांनी त्याला चूळ भरायला लावली, शांत बसवलं, १०८ रुग्णवाहिकेतला मोठा पट्टा आणला आणि दोन्ही हातांना मोजलं. उजव्या हाताला २२६/१३८, डाव्याला २२०/१३६. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, फारसा फरक नाही. १४०/९० आणि त्याच्या वरचा दाब आपण उच्च रक्तदाब धरतो, म्हणजे हा माणूस कुठे जाऊन पोचला होता बघा. आणि तो स्वतः ट्रॅक्टर चालवत आला होता.

"मला काय बी त्रास नाही, मॅडम," तो म्हणत होता. मी एकेक विचारत गेले. डोकं दुखतं? सकाळी उठल्यावर दुखतं, गोळी घेतली की थांबतं. कंबर? सीझनला रोजच, मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून ठेवलेली असते. झोप? जमेल तेव्हा तीन-चार तास. घोरण्याबद्दल त्याच्याबरोबर आलेल्या पोरानेच सांगितलं, "दादांचा श्वास मधूनच थांबतोय, मग एकदम दचकून उठत्यात." जेवण? भाकरी-ठेचा, नाहीतर टपरीवरचा वडापाव, फरसाण, खारे शेंगदाणे. लघवीला फेस येतो? "येतो की. त्यात काय?" वडील? "झोपेतच लकवा मारला. पन्नाशीचे बी नव्हते."

उच्च रक्तदाबाची कारणं आम्ही विद्यार्थ्यांना यादी करून शिकवतो: घराण्यातला वारसा, मीठ, तंबाखू, दारू, वजन, अपुरी झोप, ताण. या माणसाच्या एका सीझनमध्ये त्यातली बहुतेक एकमेकांत गुंतलेली होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ठेचा, लोणचं आणि फरसाण यांवर दिवस काढणाऱ्याचं तेवढं मीठ दुपारपर्यंतच पोटात जातं. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. घोरताना श्वास अडला की रात्रभर दाब चढत राहतो, झोपेत तो जितका उतरायला हवा तितका उतरत नाही. आणि कंबरेसाठी घेतलेल्या त्या गोळीबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर शरीरात मीठ-पाणी साठतं, दाब वाढतो आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होतो. गावोगाव गुडघे, कंबर आणि पाठीसाठी या गोळ्या खडीसाखरेच्या हिशोबाने खाल्ल्या जातात. त्या कुणी दिल्या, किती दिल्या, याची कुठे नोंदही नसते.

तिथेच कुणीतरी सुचवलं की कॅप्सूल फोडून जिभेखाली द्या, बीपी लगेच उतरेल. पूर्वी निफेडिपिन तसं सर्रास देत. मी ठामपणे नाही म्हटलं. इतका दाब बराच काळ सोसलेल्या मेंदूने स्वतःचा रक्तपुरवठा त्या दाबाशी जुळवून घेतलेला असतो. तो झटक्यात खाली आणला तर मेंदूला आणि डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. औषधानेच लकवा होऊ शकतो, नजर कायमची जाऊ शकते. पहिल्या काही तासांत साधारण पाव हिश्श्याहून जास्त उतरवायचा नसतो, आणि तेही दर थोड्या वेळाने मोजत, रुग्णालयात.

खरी अडचण त्याला रुग्णालयात पाठवण्याची होती. टोळी फडात बसलेली, ट्रॉल्या भरलेल्या, ऊस वाळत चाललेला. "खेप टाकतो आन् उद्या येतो," हे त्याचं शेवटचं वाक्य. मी त्याला विचारलं, "दादा, शेतात ठिबक आहे?" होतं. "पंपाचं प्रेशर जास्त झालं तर आधी काय फुटतं?" तो म्हणाला, "शेवटच्या बारीक नळ्या." मी म्हटलं, तुमच्या डोळ्यातल्या बारीक नळ्या फुटलेल्या मी आत्ता बघितल्या. तशाच बारीक नळ्या मूत्रपिंडात आहेत आणि मेंदूत आहेत, तिथलं मला दिसत नाही. मेंदूतली नळी ट्रॅक्टर चालवताना फुटली, तर मागे दोन ट्रॉल्या ऊस आहे आणि समोरून एसटी येत असेल.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला. "मॅडम, त्यांना आजच न्या, मी दिरांना काट्यावर पाठवते," एवढंच ती म्हणाली. ट्रॅक्टरची चावी त्याने त्या पोराकडे दिली आणि १०८ मधून तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेला.

१९३९ साली कीथ, वेजनर आणि बार्कर यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांचे पडद्यावरच्या बदलांनुसार चार गट पाडले होते. परिणामकारक औषधं हाताशी नव्हती, तो काळ. पहिल्या गटातले शंभरातले सत्तर जण तीन वर्षांनी जिवंत होते, चौथ्या गटातले फक्त सहा. नस सुजलेली असणं हे त्या चौथ्या गटाचं लक्षण. आज त्यातले बहुतेक रुग्ण वाचतात, आणि ज्या गोळ्यांनी वाचतात त्या जुन्या, स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या आहेत. म्हणूनच असा माणूस रांगेत सापडतो, तेव्हा मला राग येतो. कुणा एकाचा नाही. पट्टा दंडाला लावायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि अडतीस वर्षांत ती याच्या वाट्याला आलेली नव्हती.

ड्रायव्हर दादांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तपासण्यांत मेंदूचा सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला होता, म्हणजे दाबाविरुद्ध तो आज-काल नाही, कित्येक वर्षं झगडत होता. रक्तातलं क्रिएटिनिन २.८ (मूत्रपिंडांचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो, एरवी तो एकच्या आसपास असतो), लघवीतून प्रथिनं वाहून जात होती. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं किंचित लहान दिसली. इतक्या कमी वयात इतका दाब असला की मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद आहे का, वरच्या ग्रंथीत गाठ आहे का, हेही शोधावं लागतं. ते काही निघालं नाही. आधी मूत्रपिंडं बिघडून दाब चढला, की दाबाने मूत्रपिंडं बिघडली, हे त्या टप्प्यावर उलगडत नाही. दोन्ही एकमेकांना खाली ओढत राहतात.

आम्ही मात्र त्या संध्याकाळी कॅम्प आवरला नाही. सिस्टरांनी टेबल बाहेर काढलं आणि रांगेतल्या एकेकाला बसवून मोजायला सुरुवात केली. १४०/९० च्या वरचे बरेच निघाले. त्यातल्या बहुतेकांना काहीच कल्पना नव्हती. काहींना माहीत होतं, पण "बरं वाटलं म्हणून" गोळ्या सोडलेल्या. एक जण म्हणाला, "गोळीची सवय लागते म्हणून घेत नाही." गोळी बंद केली की दाब पुन्हा वाढतो, कारण मूळ आजार तिथेच असतो. तिला सवय म्हणून कसं चालेल? सगळ्यांची नावं आपापल्या गावच्या उपकेंद्राला कळवली. तिथे महिन्याभराच्या गोळ्या एकदम मिळतात.

ड्रायव्हर दादांची नजर काही महिन्यांत सुधारली. रक्तस्राव आधी विरले, पिवळी चांदणी पुसायला जास्त वेळ लागला. आता उजवा डोळा ६/९, डावा ६/१२. दाब तीन गोळ्यांवर १३०-१३५ च्या आसपास असतो. कंबरेची गोळी बंद आहे, तंबाखू बंद आहे असं तो सांगतो, बायको मान हलवत नाही. क्रिएटिनिन २.१ वर थांबलं आहे. ते पूर्ववत होणार नाही, हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. पुढे कधी डायलिसिस लागेल का, असं बायकोने विचारलं. लागू शकतं, पण दाब असाच ताब्यात राहिला तर ती वेळ पुष्कळ लांबवता येते, असं मी म्हटलं. रात्रीच्या खेपा त्याने पगारी ड्रायव्हरकडे दिल्या आहेत.

वडिलांचा इतिहास असल्यामुळे त्याच्या थोरल्या भावालाही बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी काट्यावर ट्रॅक्टर सांभाळायला आलेला तोच. वय चव्वेचाळीस, बीपी १७२/१०४. पडद्यावरच्या रोहिण्या थोड्या आकसलेल्या, रक्तस्राव नाहीत, क्रिएटिनिन नॉर्मल. म्हणजे धाकट्याच्या बाबतीत हातातून निसटलेली संधी इथे अजून शाबूत होती. आणि तो मला म्हणतो, "पण मॅडम, मला तर नीट दिसतंय की!"

ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू करून कार्डावर पुढची तारीख लिहून दिली. त्या तारखेला तो आला नाही. त्यांच्या गावच्या आशाताई दोनदा घरी गेल्या, तिसऱ्यांदा धाकट्या भावाला सोबत घेऊन गेल्या. तेव्हापासून दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर उपकेंद्रात येतात. थोरल्याचं गेल्या वेळचं बीपी १३६/८४ होतं.