घोडी चिकटवलेली आर्चटॉप

ॲकूस्टिक आर्चटॉप, म्हणजे व्हायोलिनसारखी वरची फळी (तबली) कमानदार असलेल्या गिटारी, माझ्याकडे दुरुस्तीला क्वचितच येतात, आणि आल्या की मालकाचं रडगाणं ठरलेलं: "बेस नाही, आवाज कोरडा येतो." परवा वांद्र्याहून आलेल्या पोराचंही तेच. आजोबा गोव्याचे, पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवायचे. ही जर्मन बनावटीची गिटार त्यांचीच. नातवाला तिच्यात पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग) बसवून हवा होता, म्हणजे तबलीला सरळ आयताकृती भोक पाडून.

"अंकल, एरवी ही वाजतच नाही."

आधी एफ-होलच्या, म्हणजे तबलीवरच्या f आकाराच्या भोकाच्या, कडेवर टॉर्च मारला. प्लायवुड असेल तर कडेला थर दिसतात. इथे लाकडाच्या रेषा जाडीतून सरळ खाली उतरत होत्या. चुंबकाचं मापक लावलं तर तबली मध्ये सहा मिलिमीटरच्या आसपास, कडेकडे साडेतीन. म्हणजे अखंड स्प्रूस, हाताने कोरलेली. हिला भोक पाडायचं?

मग घोडीकडे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीकडे, नजर गेली आणि डोकंच फिरलं.

आर्चटॉपची घोडी चिकटवायची नसते. तारा मागे टेलपीसला बांधलेल्या असतात आणि घोडी नुसती त्यांच्या दाबाखाली उभी असते. ती पुढेमागे सरकवूनच सूर जुळवायचा. कुणा महाभागाने ती फेविक्विकने पक्की केली होती, तीही चांगली चार मिलिमीटर मानेकडे. त्यामुळे बाराव्या पडद्यावर एकूणएक तार चढी. का चिकटवली? तर म्हणे सारखी हलायची. सगळ्या तारा एकदम काढल्या की हलणारच ना! ज्याला हेसुद्धा माहीत नाही तो दुकानावर 'गिटार स्पेशालिस्ट' लिहितो आणि पैसे आपल्यापेक्षा जास्त घेतो.

ॲसिटोनने फेविक्विक सुटतं, पण सोबत जुनी लॅकरही जाते. म्हणून पातळ पातं गरम करून, केसभर आत सारत, थांबत, अख्खी दुपार घालवली. खरं काम पुढे. तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून टेपने लावायचा आणि घोडीचा पाय त्यावर घासत राहायचं, म्हणजे तबलीची कमान पायात उतरते. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. मागे बल्ब धरला तर पायाखालून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये. कितीही वेळ लागो, इथे मी घाई करत नाही. मग दहाच्या बारीक तारा काढून तेराच्या जाड चढवल्या.

साध्या गिटारीत तारा तबलीला चिकटवलेल्या घोडीतच अडकवलेल्या असतात आणि सूर रेंगाळतो. इथे तारा घोडीला खाली दाबतात, म्हणून सूर चटकन उठतो आणि चटकन मावळतो. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ ही आर्चटॉप आणली ती कोरीव तबली आणि एफ-होल घेऊन. पुढे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदांनी, म्हणजे बिग बँडवाल्यांनी, तीच जात उचलली, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून तिचा ठोका बाहेर यायचा. काउंट बेसीच्या अशाच बँडमध्ये गिटारवाला फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये वारला तोपर्यंत मात्रेला एक ठोका देत होता, तोही ॲम्प्लिफायरशिवाय.

पोराला दुकानात वाजवून दाखवलं, तर चेहरा पडलेलाच. म्हटलं, "जा, गॅलरीच्या त्या टोकाला उभा राहा." खाली हॉर्न, शेजारी झेरॉक्सचं मशीन चालू. मी तीन-तीन सुरांचे कॉर्ड धरून चार मात्रा देत राहिलो.

परत आला तो भुवया उंचावून. "तिकडे जास्त क्लिअर येतंय. कसं काय?"

"ती लांबच्यांसाठीच केलीय, बाबा. वाजवणाऱ्याच्या वाट्याला कमीच येतं."

त्याने जरा विचार केला. "पण अंकल, मी तर घरी एकटाच वाजवतो."

यावर मी काय बोलणार? आजोबांच्या आजूबाजूला व्हायोलिनांची रांग, ब्रास, ढोलक. हा खोलीत हेडफोन लावून बसणार. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, आणि तबलीला करवत लावायचा धीरही होत नाही. आम्ही दुरुस्तीवाले वाद्याचे कैवारी होऊन बसतो, पण बिल भरणारा वाद्याचा मालक असतो.

शेवटी फ्लोटिंग पिकअप सुचवला. तो मानेच्या टोकाला धरतो, तबलीला शिवत नाही. पोराची कुरकुर दोन: महाग पडतो, आणि यायला वेळ लागतो. दुसऱ्या एका दुकानात एका दिवसात भोक पाडून देतात म्हणे.

पिकअप मी माझ्या पैशाने मागवलाय. आला की लावून ऐकवणार, आवडला तर पैसे देईल. नाही आवडला तर गिटार नेईल आणि पुढे तिचं काय करायचं ते तोच ठरवेल. तोवर दाब तसाच राहावा म्हणून तारा सैल केलेल्या नाहीत.