सात आठवडे ७५.४

सात आठवडे झाले, वजन ७५.४ किलोवर अडलंय. कधी ७५.१, कधी ७५.८, फिरून तिथेच. त्याआधीच्या पाच महिन्यांत ८६ वरून इथवर उतरलो होतो. रोज १८०० कॅलरी आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम. वजन अडल्यावरही तेच चालू ठेवलं, पण काटा हलेना.

तिसऱ्या आठवड्यात घाबरून १३०० कॅलरीवर आलो. चार दिवस कसेबसे निघाले. पाचव्या रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा न लावता, उभ्याउभ्या, हाताला लागेल ते खाल्लं. नंतर अंथरुणात पडून छताकडे बघत राहिलो. इतकं खचल्यासारखं मला ८६ किलोचा असतानाही वाटलं नव्हतं.

मग बसून नीट वाचलं, आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. १८०० चा हिशोब ८६ किलोच्या माणसाचा होता. तो जिना चढायचा तेव्हा साडेदहा किलोचं ओझं सोबत असायचं. ते ओझं गेलं, तसं चढायला, चालायला, नुसतं बसून राहायलाही इंधन कमी लागतं. त्यात शरीर आपणहून काटकसर करतं ते वेगळंच. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि भूक वाढते. रात्री साडेअकराला मी लढत होतो ते याच्याशी.

पण सगळं शरीरावर ढकलून चालणार नव्हतं. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या दहा जणांचं खाणं त्यात तपासलं. त्यांनी खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांचं चयापचय मात्र ठीक होतं. ती माणसं खोटारडी होती असं मला अजिबात वाटत नाही. कारण दुसऱ्याच दिवशी मी कढई काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि नेहमीसारखं ‘एक चमचा’ तेल ओतलं. वहीत मी ५ ग्रॅम लिहायचो. काट्यावर ११ आले. पुन्हा ओतून पाहिलं, १२. सुरुवातीला चमचा काठापर्यंत भरून थांबायचो. कधीतरी हात सैल झाला आणि मला कळलंही नाही. ग्रॅमला ९ कॅलरी, दिवसातून तीनदा, म्हणजे नोंदीबाहेरच्या दीडशेच्या वर कॅलरी रोज.

दुसरी गोष्ट लेकीने दाखवली. "बाबा, तू हल्ली पाणीसुद्धा मागतोस. आधी स्वतः उठायचास." खरंच होतं. सकाळी तासभर घाम गाळला की उरलेला दिवस मी खुर्चीतच काढत होतो. फोनमधली पावलं पाहिली तर सुरुवातीला रोज नऊ हजारांच्या आसपास, आता जेमतेम साडेपाच.

आणि पहिल्या महिन्यात चार किलो गेले होते, त्याच वेगाची मी अजून वाट बघत बसलो होतो. त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की दोन्ही आधी जातात. हे मला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

दहा दिवस झाले, तेल तोलून घेतोय. कॅलरी १७०० केल्या, त्याखाली जाणार नाही. काट्यावर रोज चढतो, पण बघतो ती सात दिवसांची सरासरी. काल ती ७५.१ होती. टेपने कंबर मोजली: वजन अडलं त्या आठवड्यात ९७ सेंटिमीटर लिहिली होती, आता ९५ भरली. तीनदा मोजली.

पाणी आता मी स्वतः उठून घेतो. कुणी मागितलं तर त्यांचंही आणतो.