टो हिरवा, कॅस्टर लाल

किणी टोलनाका ओलांडला तसं हिने समोरचं हँडल धरलं, ते कराड येईपर्यंत सोडलं नाही. जिप्सीत बाजूला बसणाऱ्यासाठी डॅशबोर्डवर एक आडवी दांडी असते, जंगलातले धक्के खाताना धरायला. आम्ही ती पुणे हायवेवर, ताशी ७० च्या वेगात धरून चाललो होतो.

गाडी एका बाजूला ओढत नव्हती. ओढणारी गाडी परवडली, निदान कुठे जाणार ते कळतं. ही आधी हळूच डावीकडे कलायची. मी थोडं उजवीकडे दिलं की क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम हवं त्याहून जास्त उजवीकडे. पुन्हा डावीकडे. शेजारून ट्रक गेला की आधी ट्रककडे, मग बाहेर. जुन्या सिनेमातला हिरो मागे पडदा हलत असताना उगाच स्टिअरिंग हलवतो ना, तसे माझे हात चालू होते. फरक एवढाच की मी थांबलो असतो तर दुभाजकावर गेलो असतो.

गाडी २०११ ची जिप्सी किंग, सेकंडहँड. आधीच्या मालकाने ती पन्हाळ्याच्या बाजूला शेतावर वापरलेली. त्याने पुढेमागे मूळच्यापेक्षा ५ सेंटिमीटर लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं एक टोक चासीला लटकवणाऱ्या कड्या) बसवून उंची वाढवली होती आणि २३५/७५ आर १५ चे मातीत चालणारे टायर घातले होते. दिसायला काय विचारता! मी त्या दिसण्यालाच भुललो. नंतर त्याला फोन केला तेव्हा तो अगदी निरागसपणे म्हणाला, "हायवेला मी ती कधी नेलीच नाही ओ."

पहिला मिस्त्री घराजवळचाच. त्याने स्टिअरिंग डावी-उजवी हलवून बघितलं, दोन बोटं प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, निघाला. "बॉक्स गेलाय," म्हणाला. जिप्सीच्या स्टिअरिंग बॉक्सवर लॉकनटवाला एक स्क्रू असतो, तो आवळला की आतल्या दात्यांमधली फट कमी होते. त्याने तो दाबून आवळला. प्ले खरंच गेला, पैसे दिले, खूश होऊन निघालो. शिरोली नाक्यापर्यंत जाईतो लक्षात आलं की आता दुखणं वाढलंय. बॉक्सची रचनाच अशी असते की बरोबर मध्यावर फट सगळ्यात कमी आणि दोन्ही टोकांकडे जास्त. जास्त आवळला की तो मध्यावरच अडकतो. म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत यायचं तेही बंद. आता मला प्रत्येक वळण हाताने घालायचं आणि हातानेच काढायचं.

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, स्टिअरिंग डँपर बदला. बदलला. हादरे थोडे मऊ झाले, भरकटणं तसंच. खरं तर डँपर थरथर शोषतो, गाडीला दिशा देणं हे त्याचं कामच नाही. पण हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, आणि दुकानदाराला बहुधा माहीत असूनही सांगायचं नव्हतं.

मग अलाइनमेंट. एकदा नाही, दोनदा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. दोन्हीकडे पोराने स्क्रीनकडे बोट दाखवलं, "बघा, टो हिरवा आला," आणि छापील कागद हातात दिला. टो म्हणजे वरून बघितल्यावर पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते. मी तो घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला, जसा सगळेच टाकतात.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र माझी मीच पकडली, ती हवेची. पंपावरचा पोऱ्या मोठे टायर बघून ३५ भरायचा. जिप्सी रिकामी असली तर जेमतेम टनभर वजनाची गाडी. खडूने टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ मारली आणि सोसायटीच्या सरळ रस्त्यावर पन्नासेक पावलं गाडी नेली. उतरून बघतो तर रेघ फक्त मधे पुसलेली, दोन्ही कडांना जशीच्या तशी. म्हणजे टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चाललेला. हवा थोडी थोडी कमी करत गेलो, २६ वर रेघ सगळीकडे सारखी पुसली. फुकटात झालेला हा एकमेव इलाज, आणि गाडी तेवढ्यानेही थोडी शांत झाली.

खरं उत्तर सापडलं ते पीयूसीचा कागद शोधताना. कप्पा उपसला तर अलाइनमेंटचे ते दोन कागद बाहेर आले. सहज म्हणून नीट वाचले. टोच्या रकान्यात हिरवा आकडा. त्याच्या वर कॅस्टर: डावा ०.४ अंश, उजवा ०.१ अंश, दोन्ही लाल. दुसऱ्या कागदावरही जवळपास तेच. चार महिने मी ज्या आजाराचं निदान शोधत फिरत होतो ते दोनदा छापून, पैसे भरून, माझ्याच गाडीत पडलेलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "कॅस्टर ह्या गाडीला सेट होत नसतोय साहेब, म्हणून सांगितलं नाही." बोलणं खोटं नव्हतं. जिप्सीला पुढे अखंड एक्सल आणि पाटे आहेत, कॅस्टर फिरवायला कंपनीने बोल्ट दिलेलाच नाही. पण सेट होत नाही आणि बिघडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी.

कॅस्टर म्हणजे काय ते सायकलवर चांगलं कळतं. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो. त्यामुळे चिमट्याची रेघ जमिनीला जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे चाक टेकतं, आणि चाक त्या रेघेच्या मागून ओढल्यासारखं येतं. म्हणून नुसती सीट धरून सायकल पुढे ढकलली तर ती सरळ जाते; तीच मागे ओढा, हँडल लगेच गर्रकन आडवं. गाडीतही चाक ज्या किंगपिनवर फिरतं ती वरून मागे झुकलेली हवी. जिप्सीला हा कल मुळात साडेतीन अंशांच्या आसपास असतो. माझा जवळजवळ शून्य होता, म्हणजे चाकाला सरळ राहायचं कारणच उरलं नव्हतं.

गेला कुठे? जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चासीला पक्कं आणि पुढचं टोक शॅकलवर लटकलेलं. शॅकल ५ सेंटिमीटरने लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून तेवढं खाली जातं. एक्सल पाट्याला बांधलेला, तोही त्याच्याबरोबर नाक खाली करतो आणि किंगपिनचं डोकं पुढे येतं. टेपने दोन टोकांतलं अंतर घेतलं, सुमारे ९० सेंटिमीटर. ९० ला ५ म्हणजे तीन अंशांच्या थोडं वर. साडेतीनातून तीन गेले, उरले ते कागदावर लाल अक्षरात होते. हा हिशेब जुळला त्या रात्री मला परीक्षेत पेपर सोपा गेल्यासारखं वाटलं. आणि या सगळ्या खटाटोपात गाडी उंच किती झाली? एक्सलपाशी जेमतेम इंचभर, कारण शॅकल एकाच टोकाला असतो.

आता करणार कोण? मित्राने उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि आधी बॉनेट उघडलं. "बॉक्स कुणी पिळलाय ह्यो?" मी गप्प. त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलून स्क्रू अर्धा फेरा सैल केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवून कुठे अडत नाही हे बघितलं, मग लॉकनट मारला.

"तुमचं ते अंशाचं खरं असंल सर, पण आधी ढिलं काय हाय ते बघू. ढिल्या गाडीचं माप घ्यून काय करायचं?"

चाकं पुन्हा जमिनीवर आणली, इंजिन बंद. पोरगा आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवत राहिला आणि मिस्त्री खाली सरपटले. त्यांनी मलाही खाली बोलावलं आणि माझी बोटं एकेका सांध्यावर ठेवायला लावली, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही एंड घट्ट. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचा पिटमन आर्मकडचा, म्हणजे बॉक्सकडचा, एंड मात्र बोटाखाली टिचकी मारल्यासारखा उडत होता. डोळ्याने बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. पुढच्या शॅकलचे रबरी बुश तर चिंध्या झालेले, पक्कडीने ओढले तसे तुकड्यातुकड्यांनी निघाले.

मग डावं चाक उचललं. मिस्त्रींनी ते वर-खाली धरून हलवलं, टक् टक् आवाज आला. मी लगेच म्हणालो, बेअरिंग. "कुठलं?" त्यांनी पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि परत हलवलं. टक् टक् तसाच. ब्रेक दाबला की चाक आणि नकल (किंगपिनवर चाकासकट वळणारा भाग) एक होतात, त्यामुळे चाकाचं बेअरिंग ढिलं असतं तर आवाज थांबला असता. थांबला नाही, म्हणजे दोष किंगपिनचा. टायरॉड सोडवून नकलच्या त्या भोकात रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकवायचा काटा अडकवून ओढला. ४०० ग्रॅमलाच नकल फिरला, लोण्यासारखा. बेअरिंग काढली तर वाटीवर रोलर बसून बसून उभ्या रेघा पडलेल्या. दोन्ही बाजूंना वर-खाली चारही नवी घातली, किंगपिनखालची एक पातळ शिम (पत्र्याची चकती) कमी केली, सील लावायच्या आधी पुन्हा काटा लावला. या वेळी दीड किलोच्या जवळ. "आता हाय बघा जीव त्येच्यात."

गेलेला कॅस्टर परत आणायला पाटा आणि एक्सलच्या मध्ये उतरती पाचर त्याच दिवशी घालायची असा माझा हट्ट होता, मिस्त्रींनी ऐकलं नाही. हे करून चालवून या, म्हणाले. बरं झालं. शिरोली ते किणी आणि परत, हा माझा ठरलेला रस्ता. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंगला जी थरथर सुटायची ती पूर्ण गेली. ट्रककडे ओढलं जाणं निम्म्यावर आलं. पण मोकळ्या रस्त्यावर मध्य धरायचा नाही तो नाहीच. म्हणजे कुठला त्रास कशाचा होता ते वेगळं झालं.

पाचर तिथल्याच एका मिलिंगवाल्याकडून करून घेतली. पाट्याच्या रुंदीची, १२ सेंटिमीटर लांब, तीन अंश उताराची, म्हणजे एका टोकाला २ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला आठच्या थोडी वर. अॅल्युमिनियमची स्वस्त पडत होती, पण सततच्या ठोक्यांनी ती तडकते म्हणून लोखंडाची घेतली. ही पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसते. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसलं पाहिजे, आणि पाचरीची जाडी मधे आली की ते पोचत नाही. म्हणून उंच डोक्याचे सेंटर बोल्ट करून घ्यावे लागले. एक्सल आणि पाटा एकत्र आवळणारे यू-बोल्टही नवे. एकदा ताणून आवळलेले जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत, यावर मिस्त्री ठाम होते.

"जाड बाजू कुठं?" त्यांनी विचारलं.

"मागे," मी छातीठोकपणे सांगितलं. किंगपिन मागे झुकवायची तर जाड बाजू मागे, इतकं सरळ!

गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर पोटात गोळा आला. स्टिअरिंग थोडं सैल सोडलं तर ते परत यायचं सोडून आणखी वळायला लागलं. वीसचासुद्धा वेग नसेल. सायकल उलटी ओढल्यावर हँडल जे करतं, अगदी तेच. तिथूनच मागे फिरलो. जिप्सीत एक्सल पाट्याच्या वर बसतो. पाचरीची जाड बाजू मागे ठेवली की एक्सलचा मागचा भाग उचलला जातो आणि किंगपिनचं डोकं आणखी पुढे येतं. मी तीन अंश मिळवायच्या ऐवजी उरलासुरला कॅस्टरही घालवून उणे अडीचच्या पलीकडे नेला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसतं पोराला म्हणाले, "फिरीव रं," आणि चहा मागवला.

जाड बाजू पुढे केल्यावर मशीनवर डावा ३.४, उजवा ३.१ आला. टो पुन्हा बघून घेतला. पुढच्या एक्सलला ताकद पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट आता वाकडा चालेल आणि गुणगुणेल ही भीती होती, तसं काही झालं नाही. लांब शॅकलने बिघडलेला एक्सलचा कोनच पाचरीने जागेवर आला होता. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, पाव फेरा बसला.

किणीपर्यंत गेलो. ७० ला दोन बोटांनी चालली, वळणानंतर स्टिअरिंग हातातून आपोआप सरकत मध्यावर आलं. एकाच चाकाखाली खड्डा आला की अजून हलका हिसका बसतो. उंचीमुळे ड्रॅग लिंक थोडी तिरकी झाली आहे, एक्सल वर उचलला की ती नकलला ढकलते. तेवढं मी सोडून दिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी गाडी घेतल्यावर वाचला. गाडीच्या मूळ रचनेत असले फेरफार चालत नाहीत. त्यामुळे मूळ शॅकलचा सेट शोधतोय. तो बसवायच्या दिवशी पाचरी काढाव्या लागतील, नाहीतर कॅस्टर सहाच्या वर जाईल आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली ही गाडी पार्किंगमध्ये वळवताना खांदे भरून येतील.

परवा मिस्त्रींचा फोन आला. "सर, त्या पाचरीचं माप पाठवा की. तुमच्यावानीच अजून एक आलीया, लांब शॅकलची. आन कागदावर जाड बाजू पुढं असं मोठ्या अक्षरात लिवा."