गोधडीला नेफा: भिंतीवर लावायची रीत

गोधडी आडवी राहण्यासाठी शिवलेली असते. अंथरली की तिचा भार जमिनीवर, पांघरली की अंगावर. तिच्या स्वतःच्या शिवणीवर भार असा येतच नाही. भिंतीवर लावली की मात्र सगळं वजन वरच्या काठाला लोंबतं. काठ ओघळणं, कोपरे पुढे वाकणं, मधूनच लुगडं विरणं, यातलं बहुतेक सगळं याच कारणाने होतं. म्हणून ड्रिल मशीन शोधण्याआधी गोधडीचं वजन करा. वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग गोधडी हातात घेऊन.

समजा ती ३ किलो भरली आणि माप ४ बाय ६ फूट आहे. ४ फुटांची बाजू वर धरली तर काठाच्या दर इंचावर ६२.५ ग्रॅम भार येतो, ६ फुटांची धरली तर ४२ ग्रॅम. भिंतीला रुंदी असेल तर लांब बाजू वर घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. अडचण एकच: अनेक गोधड्यांत लुगड्याचे काठ लांबीच्या दिशेने गेलेले असतात, आणि ते उभे राहिले तर दोरासारखा भार घेतात. लुगडी चांगली घट्ट असतील तर दोन्ही चालतं. विरळ झाली असतील तर लांब बाजूच वर.

लावण्याआधी सगळे तुकडे उजेडात धरून बघा. चिमटीत धरून हलकंच चोळल्यावर सूत भुरभुरलं, तर ती गोधडी टांगू नये. काळे आणि गडद चॉकलेटी तुकडे सगळ्यांत आधी तपासा, कारण जुन्या काळ्या रंगांनी सूत ठिसूळ होतं. बाकी गोधडी धडधाकट असते आणि चंद्रकळेचा तुकडा तेवढा हाताला लागल्यावर फाटतो. अशी गोधडी जाड लाकडी दांडीवर किंवा शिडीवर सैल घडी घालून ठेवावी आणि घडीची जागा महिन्याला बदलावी. तीही दिसतेच.

आता नेफा. गोधडी भिंतीवर लावण्याचा याहून चांगला घरगुती उपाय नाही. परकराला नाडीसाठी असतो तसाच, फक्त रुंद, आणि गोधडीच्या मागच्या बाजूला. कापड मांजरपाट घ्या. आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा आणि आटू द्या. खळ राहिली तर कसर लागायला ते आमंत्रणच, आणि नंतर आटलं तर नेफा गोधडीला चुण्या पाडतो.

वरची बाजू ५ फूट, म्हणजे ६० इंच असलेल्या गोधडीचं माप सांगते. एक सलग नेफा नको, दोन करा, म्हणजे मधल्या ब्रॅकेटला जागा मिळते. धुतलेल्या मांजरपाटाच्या ३० इंच लांब, ९ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापा. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवा, लांबी २८ इंच उरेल. मग लांबीच्या कडा अर्धा इंच शिवण धरून जोडा. ४ इंच रुंदीची चपटी नळी तयार होते. गोधडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक इंच आणि मध्ये दोन इंच सोडून या नळ्या बसतात. पाऊण मीटर कापड पुरतं.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. नळी चपटी पसरून वर-खाली शिवून टाकली, की पाइप आत घातल्यावर फुगवटा गोधडीच्या पुढच्या अंगाला येतो आणि वरून आडवी वळकटी दिसते. त्यासाठी नळीची गोधडीला लागणारी बाजू साडेतीन इंचच ठेवा. भिंतीकडची बाजू मग आपोआप साडेचार इंच होते, आणि पाइपचा फुगवटा त्या सैल बाजूला जातो. शिवण वर ठेवू नका, गोधडीच्या बाजूला दाबून टाका, नाहीतर पाइप आत जाताना अडकतो.

वरच्या काठापासून नेफा अर्धा इंच खाली. पण इथे काठाच्या भरवशावर राहायचं नाही. गोधडी कडेपासून आत, फेऱ्या घालत शिवत जातात. त्यामुळे ती काटकोनात क्वचितच असते, आणि मध्यभागी थोडं पोट सुटलेलं असतं. गोधडी पालथी पसरा, दोन टोकांत दोरा ताणून खडूची सरळ रेघ मारा आणि नेफा त्या रेघेवर बसवा. काठ रेघेच्या थोडा वर-खाली राहिला तर राहू दे. डोळ्याला खुपतो तो एकूण तिरकेपणा, काठाची लाट नाही. पोट सपाट करायला खालून पट्टी घालून ताण देऊ नका. धावदोरा हळूहळू तुटत जातो.

टाके हातानेच घाला, एका इंचात तीन-चार. सुई मागच्या एकाच पदरातून काढली तर सगळा भार त्या एका जुन्या लुगड्यावर येतो आणि ते सुटून येतं. दोन-तीन पदर धरा, आणि दर चार इंचांवर एक टाका आरपार घ्या, पुढून आधीच्या धावदोऱ्याखाली लपेल असा. दोरा सुती, दुहेरी. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतात, पण ताण आला तर तो न तुटता जुनं सूतच फाडतो. तुटायचंच झालं तर दोरा तुटलेला बरा. मागचा पदर फारच विरला असेल तर आधी दोन इंची सुती पट्टी काठभर शिवून तिच्यावर नेफा चढवा.

चिमट्यांच्या पडद्याच्या कड्या वापरू नका. दोन चिमट्यांमध्ये काठ झोळीसारखा उतरतो आणि चिमट्याखाली भोक पडतं. खिळे, टाचण्या, स्टेपल तर नकोतच. पावसाळ्यात गंज धरतो आणि सुतावरचा गंजाचा डाग साबणाने निघत नाही.

पाइप पडद्याचा स्टीलचा, एक इंची घ्या. ५ फुटांना तीन ब्रॅकेट. पाइप गोधडीपेक्षा अर्धा इंच आखूड कापून घेतला की टोकांची ब्रॅकेट काठामागे लपतात. लाकडी दांडी हवी असेल तर तिला आधी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून वरून मांजरपाट शिवा. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने कापड पिवळं पडतं. नेफ्याला लागणारं सुई-दोऱ्याचं सामान पुण्यात तुळशीबागेत एका फेरीत होतं, स्क्रू आणि ब्रॅकेटसाठी बोहरी आळी.

भिंतीचं म्हणाल तर पुण्यात चार प्रकार भेटतात. जुन्या सोसायटीतल्या विटेच्या भिंतीला ८ मिमीची गिट्टी (भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग, स्क्रू त्यात घट्ट बसतो) आणि दोन इंची स्क्रू पुरेसा. नव्या टॉवरमधल्या मायव्हन पद्धतीच्या भिंती सबंध काँक्रीटच्या, हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. वायरिंगचे पाइपही त्यातच पुरलेले असतात, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका. सिपोरेक्सची भिंत (एएसी, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकला आपल्याकडे त्या ब्रँडच्या नावानेच ओळखतात) उलट वागते: हॅमर चालू ठेवला तर भोक मोठं होतं आणि साधी गिट्टी फिरत राहते. तिथे हॅमर बंद, आणि ३ इंची लांब नायलॉन गिट्टी. वरून जिप्समचं प्लास्टर असेल तर गिट्टी ते ओलांडून ब्लॉकमध्ये गेली पाहिजे, नुसत्या जिप्सममध्ये ती धरत नाही. पेठांतल्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतीत भोक पाडूच नये, पोपडा निघून येतो. तुळईला किंवा मूळ खुंट्यांना सुती दोर बांधून पाइप खाली सोडा. भाड्याच्या घरातही चिकटवायचे हुक नकोत. पहिल्या पावसात ते सुटतात.

ओल हा पुण्यातला सगळ्यांत मोठा शत्रू. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती गोधडीसाठी टाळा. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळा. शंका असेल तर जुलैत फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन-तीन दिवस भिंतीवर ठेवा. आत थेंब दिसले किंवा रंग गडद झाला तर ती भिंत बाद. ब्रॅकेट असं निवडा की गोधडी आणि भिंत यांत इंचभर हवा खेळेल. त्या पोकळीत पाल घर करते, हे खरं. पंधरा दिवसांनी खालची कड उचलून मागे टॉर्च मारायचा, एवढाच त्यावर उपाय.

उजेडाबद्दल थोडक्यात: थेट ऊन कुठल्याही ऋतूत पडता कामा नये, उडालेला रंग परत येत नाही. वस्तुसंग्रहालयांत जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड ठेवत नाहीत, यावरून अंदाज घ्या. स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ आणि देवघरातली समई-उदबत्ती यांच्यापासूनही ती लांब हवी. सोफ्यामागे लावली तर सोफ्याच्या पाठीपासून निदान दहा इंच वर ठेवा. डोक्याचं खोबरेल लागतं आणि त्या डागावर धूळ बसते. पंख्याच्या वाऱ्याने खालचे कोपरे भिंतीवर घासत असतील तर मागे दोऱ्याचा छोटा फास शिवून तो बारीक हुकात अडकवा.

झटकायला काठी वापरू नका. मच्छरदाणीचा तुकडा गोधडीवर धरून त्यावरून व्हॅक्यूम कमी जोरावर फिरवा, मागच्या बाजूनेही.

मृगाच्या आसपास गोधडी उतरवा. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत सैल गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर कापडाला लागू देऊ नका. घटस्थापनेआधी गोधड्या धुवायची आपल्याकडची जी रीत आहे, तिचा मुहूर्त या भिंतीवरच्या गोधडीलाही बरोबर बसतो: पाऊस ओसरलेला, ऊन कडक. पण आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस पाच मिनिटं दाबून बघा. लाल रंग हटकून सुटतो. रंग लागला तर धुणं रद्द, नुसती सावलीत हवा द्या. धुतलीच तर ओली गोधडी दोरीवर टाकू नका, पाण्याने तिचं वजन कितीतरी वाढलेलं असतं. चादरीवर उचलून गच्चीत सावलीला पसरा.

मागच्या खालच्या कोपऱ्यात मांजरपाटाची एक चिठ्ठी शिवून टाका. कोणी शिवली, कोणत्या साली, कोणाकोणाची लुगडी आहेत ते बॉलपेनने न लिहिता दोऱ्याने भरा, कारण शाई धुताना पसरते. त्याखाली नेफ्याची आणि पाइपची लांबी, कोणती बाजू वर आणि कोणत्या खोलीतली भिंत तेही भरा. चार महिन्यांनी पाइप परत चढवताना तेच आधी शोधावं लागतं.